जालन्याचा पल्ला

धाराशिवकडचा माणूस ‘मला चिंतेचा आजार आहे’ असे सांगत दवाखान्याची पायरी चढत नाही. तो सांगतो की जीव घाबरा होतो, छातीत धडधडते, हातापायाला मुंग्या येतात, घास खाली उतरत नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तक्रार शरीराची असते, म्हणून उपायही शरीराचाच होतो: एखादे सलाईन, शक्तीचे इंजेक्शन आणि चिठ्ठीच्या शेवटी झोपेची एक गोळी. ही गोळी आता वेगवेगळी असते. कधी अल्प्राझोलॅम, कधी नैराश्यावरचे औषध, तर कधी मुळात फेफऱ्यासाठी किंवा उन्माद-नैराश्याच्या फेऱ्यांसाठी बनलेले, ज्याला डॉक्टर ‘मूड स्टॅबिलायझर’ म्हणतात ते लिथियम, व्हॅल्प्रोएट, कार्बामॅझेपिन किंवा लॅमोट्रिजिन. घाबऱ्या जिवावर ही औषधे द्यावीत की नाही हा प्रश्न वरवर निव्वळ डॉक्टरी वाटतो. मला तो या जिल्ह्याच्या इतिहासाचा प्रश्न वाटतो. गेल्या सव्वाशे वर्षांत इथे गोळी कोणत्या ना कोणत्या रूपात पोचत आली, पण ती घेणाऱ्याला महिन्याने पुन्हा बघणारा माणूस पोचला नाही. आणि मूड स्टॅबिलायझर हा औषधांचा असा वर्ग आहे की पुन्हा बघणारा कोणी नसेल तर त्याची पहिली मात्राही देऊ नये.

निजामाच्या राज्यात हा जिल्हा आधी नळदुर्गच्या नावाने ओळखला जाई. १९०४ साली मुख्य ठाणे धाराशिवला आले आणि पुढे सातव्या निजामाच्या नावावरून त्याचे उस्मानाबाद झाले. राज्याचा आश्रय युनानी वैद्यकाला होता, त्यामुळे गावोगावचे वैद्य आणि कसब्यांतले हकीम हेच पहिले उपचारक होते. युनानीत छातीच्या धडधडीला ‘खफकान’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि त्यावर खमीरा गावजबान देण्याची रीत जुनी आहे. आयुर्वेदाकडे ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी होती. या औषधांनी किती गुण येई, यावर इथे वाद घालायचा नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की हकीम आणि वैद्य दोघेही भीतीला आजार मानत होते, तिला नाव देत होते आणि गावातच राहत असल्यामुळे रुग्ण त्यांना बाजाराच्या दिवशी पुन्हा दिसत होता. आजच्या भाषेत ज्याला पाठपुरावा म्हणतात तो त्यांना वेगळा करावा लागत नव्हता.

खरी कोंडी होती ती वेड लागले असे ज्याच्याबद्दल म्हटले जाई त्याची. हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय जालन्याला होते. धाराशिवहून जालना दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तोही बैलगाडी, मग मोटार, मग आगगाडी अशा टप्प्यांचा प्रवास. जालन्याला नेणे म्हणजे माणूस घरातून वजा करणे. त्यामुळे उपचाराचे दोनच टोकांचे मार्ग उरले. सौम्य त्रास असेल तर हकिमाचा खमीरा, आणि हाताबाहेर गेले तर जालना. या दोहोंच्या मधला जो भलामोठा समूह, ज्याला काम करता येते पण सुखाने जगता येत नाही, त्याच्यासाठी तुळजापूरची भवानी होती, येरमाळ्याची येडेश्वरी होती, नळदुर्गजवळचा खंडोबा होता, धाराशिव शहरातला ख्वाजा शमसुद्दीन यांचा दर्गा होता. अंगात येणे, कौल लावणे, देवऋष्याकडून उतारा काढणे हे सारे याच मधल्या जागेत वाढले. पुढे १९५३ साली ते मनोरुग्णालयही जालन्याहून हैदराबादच्या एर्रागड्ड्याला हलवण्यात आले, आणि तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा हैदराबाद परके झाले. आता सरकारी मनोरुग्णालये म्हणजे येरवडा, ठाणे, रत्नागिरी, नागपूर. धाराशिवला जवळचे येरवडा, तेही अडीचशे किलोमीटरवर. सीमा बदलली आणि पल्ला उलट वाढला. मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा पाणी, रस्ते, सिंचन यांच्या भाषेत नेहमी होते. वेडाच्या आणि भीतीच्या उपचाराचा हा अनुशेष त्या हिशेबात क्वचितच धरला गेला.

नेमक्या याच काळात जगात मनाच्या औषधांचा कायापालट होत होता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान विलीन झाले. त्यानंतर एका वर्षाच्या आत, सप्टेंबर १९४९ मध्ये, ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टराने लिथियमच्या क्षारांनी उन्माद शमतो असा निबंध प्रसिद्ध केला. त्याच १९४९ साली मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडले. सर्पगंधेचा वेडावरील उपयोग आपल्याकडे फार जुना. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तो नोंदवला होता. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले, ते अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत पोचले, आणि काही वर्षांतच मागे पडले, कारण ज्यांना ते दिले त्यांतले काही जण खिन्न होऊ लागल्याची तक्रार झाली. आपल्याच मातीतल्या मुळीची ही कथा या निबंधाच्या मुद्द्याला थेट भिडते. शांत करणारे औषध माणसाला खाली खेचू शकते, आणि ते खेचते आहे हे फक्त त्यालाच कळते जो रुग्णाला पुन्हा पुन्हा बघतो.

भीतीवरच्या खास गोळ्या यानंतर आल्या. मेप्रोबामेट १९५५ मध्ये, क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये, डायझेपाम १९६३ मध्ये. या शेवटच्या दोन गोळ्या लिओ स्टर्नबाख या एकाच रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून निघाल्या. त्या स्वस्त होत्या, पहिल्याच रात्री झोप देत होत्या आणि जास्त झाल्या तरी आधीच्या बार्बिट्युरेट या झोपेच्या औषधांइतक्या जिवावर उठत नव्हत्या. ज्या भागात मनोविकारतज्ज्ञ नाही तिथल्या डॉक्टरांच्या हाती हे वरदानच होते. त्यांचा दोष हळूहळू उघडा पडला: काही आठवड्यांनी शरीराला सवय लागते, आणि अचानक बंद केल्या तर भीती दुपटीने परत येते. म्हणजे ज्या त्रासासाठी गोळी घेतली तोच त्रास गोळी सोडल्यावर उलटतो आणि रुग्णाला वाटते की आजार वाढला. १ मार्च २०१४ पासून केंद्राने अल्प्राझोलॅम, डायझेपाम यांसारखी औषधे एच-वन यादीत घालून त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे दुकानदाराला बंधनकारक केले. नियम योग्य होता. पण दार बंद झाले की पाणी दुसरीकडून वाट काढते. सवय न लावणारी म्हणून इतर औषधांकडे डॉक्टरांचा हात वळला, आणि त्यात मूड स्टॅबिलायझरही आले.

इथे या औषधांची खरी जागा कोणती ते नीट सांगायला हवे. व्हॅल्प्रोएट आणि कार्बामॅझेपिन ही फेफऱ्याची औषधे. ती उन्मादातही उपयोगी पडतात हे अनुक्रमे फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात आणि जपानमध्ये १९७१ च्या सुमारास पुढे आले. लॅमोट्रिजिनही फेफऱ्याकडूनच इकडे आले. निव्वळ चिंतेच्या आजारात यांचा पुरावा तुटपुंजा आहे. लहान लहान चाचण्या आहेत, ठाम निष्कर्ष नाहीत. जगभरच्या मार्गदर्शक सूचना चिंतेसाठी आधी समुपदेशन आणि सेरोटोनिनवर काम करणारी औषधे सुचवतात. मग मूड स्टॅबिलायझरचा भीतीशी संबंध येतो कुठे? तो येतो द्विध्रुवी आजारात, जिथे माणूस काही काळ फार चढतो आणि काही काळ फार खाली जातो. अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना आयुष्यात केव्हातरी चिंतेचाही विकार होतो, आणि पुष्कळदा दवाखान्यात पहिली तक्रार भीतीचीच येते. अशा रुग्णाला केवळ भित्रा समजून नैराश्याचे औषध एकटेच दिले तर तो उसळू शकतो: झोप कमी, बोलणे जास्त, उधळपट्टी, नवी कर्जे. अशा माणसाच्या घाबरेपणावर आधी मूड स्थिर करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. म्हणजे उत्तर होय किंवा नाही असे एका शब्दात येत नाही. ते निदानावर टांगलेले आहे, आणि हे निदान एका भेटीत होत नसते. मागे कधी चढलेला होता का, हे त्याच्या आईला, बायकोला, भावाला विचारावे लागते.

लिथियमच्या बाबतीत तर जिल्ह्याचे हवामानच आड येते. लिथियमची कामाची पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे. रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल एवढे असावे. दीडच्या पुढे गेले की हात कापणे, उलट्या, झोक जाणे, बरळणे सुरू होऊ शकते. मूत्रपिंड लिथियमला मिठासारखे वागवते. घामातून मीठ आणि पाणी गेले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही. बालाघाटच्या पठारावर, पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात, एप्रिल-मे महिन्यांत रानात राबणाऱ्या माणसाला भरपूर पाणी पीत राहा असे सांगणे सोपे आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि धाराशिवच्या कित्येक गावांची तहान तेव्हा टँकरवर होती. शिवाय अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही लिथियमची पातळी चढते. कष्टकऱ्याच्या घरात या गोळ्या मिठाइतक्याच सहज असतात. रक्ततपासणी ठरावीक वेळी, शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी करायची असते. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून दिवाळीच्या आसपास उचल घेऊन ऊसतोडीसाठी कोयत्यावर जाणारी जोडपी पाच-सहा महिने साखर कारखान्यांच्या फडावर असतात. त्यांची तपासणी कुठे व्हायची? हे औषध वाईट म्हणून मी हे लिहीत नाही. द्विध्रुवी आजारात लिथियमइतके भरवशाचे औषध क्वचितच सापडेल, आणि त्याने आत्महत्येचा धोका घटतो असे अनेक अभ्यासांचे म्हणणे आहे. पण त्याची किंमत गोळीच्या पाकिटावर छापलेली नसते. ती रक्ताच्या तपासणीत, पाण्यात आणि ये-जा करण्यात असते.

व्हॅल्प्रोएटबद्दल एवढे तरी प्रत्येक घराला माहीत असावे की गर्भारपणात ते घेतल्यास बाळात जन्मजात व्यंग येण्याचे प्रमाण दहात एक इतके असते, आणि बौद्धिक वाढ मागे पडण्याचे त्याहूनही अधिक. मुलींची लग्ने लवकर होणाऱ्या भागात तरुण बाईच्या घाबरेपणावर हे औषध सहज लिहून देणे मला अक्षम्य वाटते.

या जिल्ह्याला भीती मोजायला शिकवले ते भूकंपाने. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र संपत आलेली, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. ज्याच्या नावाने हा भूकंप ओळखला जातो ते किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण इथल्या तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले सास्तूर आणि आसपासची गावेही जमीनदोस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली आणि बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. मदत धान्य, कपडे, तंबू, पत्रे या रूपांत आली. मागे राहिलेल्यांना छपराखाली झोप येईना. लहानसा हादरा, दूर गेलेल्या ट्रकचा आवाज एवढ्यानेही लोक बाहेर धावत. दिल्लीच्या संशोधकांनी वाचलेल्यांच्या एका लहान गटाची पाहणी केली आणि १९९६ मध्ये अमेरिकन नियतकालिकात मांडली. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांत निदान करता येईल असा मनोविकार आढळला, मुख्यतः आघातोत्तर ताण आणि नैराश्य. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्यसेवेचा स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला आणि त्याचे प्रमुख संशोधक होते डॉ. मोहन आगाशे, ज्यांना मराठी वाचक नट म्हणून अधिक ओळखतात. मराठवाड्याच्या इतिहासात भीती हा सरकारी कागदावरचा, मोजण्याजोगा आजार झाला तो बहुधा इथे. त्या अनुभवातला सर्वांत टिकाऊ धडा गोळीचा नव्हता. आघातानंतरच्या भीतीत सर्वांना सरसकट गुंगीची औषधे देऊन लाभ होत नाही, हे आज सर्वमान्य आहे. वारंवार घरी जाऊन बोलणारा प्रशिक्षित माणूस आणि त्याच्या मागे, गरज पडेल तेव्हा, डॉक्टर अशी रचना लागते. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले, तो प्रयोग मनाच्या आजारांसाठी नव्हता, पण पल्ला मोडण्याची रीत त्याने दाखवली.

हीच रीत सरकारने उशिरा उचलली. देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे. शेजारच्या कर्नाटकातील बेल्लारीत त्याचा जिल्हा पातळीवरचा प्रयोग झाला आणि १९९६ पासून तो जिल्हा कार्यक्रम म्हणून देशभर हळूहळू पसरू लागला. धाराशिवकडे खास लक्ष गेले ते शेतकरी आत्महत्यांमुळे. २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) हे दोन जिल्हे बळीराजा चेतना अभियानासाठी निवडले गेले, आणि त्याच सुमारास आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प सुरू होऊन पुढे तो चौदा जिल्ह्यांत गेला. यात आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन झोप, भूक, जगण्याची इच्छा यांबद्दल ठरावीक प्रश्न विचारते, आणि ज्याच्याबद्दल शंका येते त्याला प्राथमिक केंद्रातून जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवले जाते. जालन्याच्या दिवसांशी तुलना करा. तेव्हा रुग्णाला वेड्यांच्या घराकडे न्यावे लागे. आता प्रश्न विचारणारी बाई उंबऱ्यावर येते. या जिल्ह्याच्या मानसिक आरोग्याच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे वळण आहे असे माझे मत आहे, कोणत्याही औषधाच्या शोधापेक्षा मोठे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलक्यात घेण्याजोगा नाही. शेतकऱ्याची भीती सोयाबीनच्या भावातून, सावकारातून, आटलेल्या विहिरीतून येते. तिला आजार म्हणणे म्हणजे सरकारने आपली जबाबदारी गोळीवर ढकलणे. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. ज्याची काळजी कर्जाची आहे त्याला कर्जमुक्ती हवी, कार्बामॅझेपिन नको, आणि अशा काळजीवर मूड स्टॅबिलायझर लिहिणे ही माझ्या मते वैद्यकीय चूकच आहे. पण एकाच गावात, एकाच दुष्काळात, तेवढेच कर्ज असलेले शंभर जण असतात आणि त्यांतल्या थोड्यांचीच झोप महिनोन्‌महिने उडते, हात कामाला लागत नाही, नजर कीटकनाशकाच्या डब्याकडे जाते. त्या थोड्यांना भाव वाढेपर्यंत थांबा असे सांगता येत नाही. कारण बाहेरचे आहे म्हणून आजार खोटा ठरत नाही; दूषित पाण्याने झालेल्या हगवणीला आपण औषध देतोच आणि विहीरही साफ करतो. दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो: तज्ज्ञ नाहीत, मग प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टराने काहीच द्यायचे नाही का? द्यावे, आणि द्यायलाच हवे. चिंतेवरची पहिल्या फळीची औषधे तो शिकून नीट देऊ शकतो. पण मूड स्टॅबिलायझर सुरू करणे हा निर्णय मनोविकारतज्ज्ञाचा असावा, आणि चालू ठेवणे, रक्त तपासणे, पाकीट महिन्याहून अधिक न देणे हे काम केंद्राने करावे. घरात कीटकनाशक असलेल्या माणसाच्या हाती तीन महिन्यांचे लिथियम देणे हा दुसरा धोका. तिसरा आक्षेप श्रद्धेचा. देवळात, दर्ग्यात गेल्याने अनेकांना हलके वाटते हे नाकारण्याचे कारण नाही, आणि तिथे जाणाऱ्याला हिणवल्याने तो दवाखान्यात येत नाही. साखळदंड, चटके आणि मारहाण मात्र श्रद्धेच्या नावाखाली चालवून घेता येणार नाहीत. महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोलापूर, लातूर, अंबाजोगाई इथली महाविद्यालये आधीपासून होती. जालन्याचा पल्ला पुष्कळ आखडला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात लिथियमची पातळी महिन्याच्या महिन्याला, मोफत, तालुक्याच्या ठिकाणी मोजली जावी आणि फडावर गेलेल्या मजुराची नोंद त्याच्या कारखान्याच्या तालुक्यातल्या केंद्राला कळवली जावी, ही मागणी ग्रामसभांनी आणि लोकप्रतिनिधींनी आता लावून धरायला हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिलेलाच आहे. जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा असे त्यात आहे. आणि ज्यांच्या घरात कोणी अशी गोळी आज घेत असेल त्यांना एक विनंती. ती कशासाठी दिली आहे ते डॉक्टरांना विचारा, उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका, अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका, बाई गर्भार असेल किंवा होणार असेल तर तसे आधी सांगा, आणि कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. रात्री-अपरात्री विचारायला कोणी नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे; तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि पलीकडे मराठीत बोलणारा माणूस असतो.